थोरल्या घराचा हात

त्या शनिवारी बाबा मुलुंड स्टेशनबाहेर नारळवाल्याच्या गाडीपाशी उभे होते आणि एकेक नारळ कानाशी धरून हलवत होते. “सब पानीवाला है चाचा,” नारळवाला म्हणाला. बाबा म्हणाले, “पानी तो सबमें होता है. मैं आवाज देख रहा हूं.” मग एक नारळ त्यांनी माझ्या कानाला लावला. “ऐक, पदू.” आत काहीतरी हललं. शेजारच्या खोलीत कुणी झोपेत कूस बदलावी, तितकंच. मी म्हटलं, मला सगळे सारखेच वाटतात. ते म्हणाले, वाटणारच, तुझा कान हेडफोन लावून गेलाय. मी अंधेरीच्या एका स्टुडिओत सिनेमांच्या पडद्यावर खाली येणाऱ्या भाषांतराच्या ओळी लिहिते. दिवसभर कान झाकलेले आणि डोळे परक्या माणसांच्या ओठांवर. तेवढ्यात फोन वाजला. हातात नारळ होते म्हणून त्यांनी तो स्पीकरवर टाकला. दशाकाका होता, बाबांचा चुलतभाऊ. “दादा, कोंबडो मी घेतलंय. गावठी आसा. तू नारळ बघ, आणि मागच्यासारखो कुजको आणू नको.” “कुजका तू आणला होतास, मेल्या,” बाबा म्हणाले आणि हसले. नारळवालाही हसला. ऊन होतं, बाबांच्या शर्टाच्या खिशात पानाची पुडी होती, आणि मला ऑफिसचं काम आटपायचं होतं म्हणून मी घड्याळ बघत होते. एवढंच. पुढे अनेक वर्षं मी या शनिवारात काहीतरी शोधत राहिले, आवाजातली एखादी चीर, न हसलेलं हसू. सापडलं नाही. तो साधा दिवस होता आणि त्याला आपण शेवटचे आहोत हे माहीत नव्हतं.

तेव्हा त्या दोघांमध्ये दावा चालू होता. डोंगराच्या पायथ्याची ती वाडी माझ्या आजोबांनी आणि त्यांच्या धाकट्या भावाने गिरणीच्या पगारातून मिळून घेतली होती. एक विहीर, एक फणस, दोन खोल्यांचं घर. वाटणी कधी झालीच नाही. आजोबांनंतर आम्ही स्टेशनजवळच्या इमारतीत राहायला आलो, दशाकाका वाडीतच राहिला, आणि सगळीकडे उंच इमारती चढायला लागल्यावर विहीर कुणाच्या बाजूची, हा प्रश्न अचानक मोठा झाला. पण कोर्टाच्या तारखेला दोघं एकाच रिक्षाने जायचे. बाबा म्हणायचे, भांडण जमिनीचं आहे, रिक्षाचं नाही. आई म्हणायची, तुम्ही दोघं वेडे आहात. पुढे ही रिक्षा निकालपत्रात आली: वादी व प्रतिवादी यांचे संबंध इतके सलोख्याचे होते की हेतू सिद्ध होत नाही. बाबांचा विनोद न्यायाधीशांनी गंभीरपणे घेतला होता.

आणि राखण. गावाहून येताना आजोबांनी तिथल्या जागेची मूठभर माती आणली होती, ती फणसाखालच्या एका धोंड्याशी घातली आणि त्या दिवसापासून तो धोंडा या जागेचा राखणदार झाला. देवदिवाळीनंतरच्या रविवारी त्याला नारळ आणि कोंबडा द्यायचा, ही राखण. नारळावर दोन्ही घरांचे हात लागतात, धाकट्याचा खाली, थोरल्याचा वर. थोरल्या घराने गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे जे मागायचं ते जागेला मोठ्याने सांगायचं, आणि धाकट्याने प्रत्येक वाक्याला “व्हय म्हाराजा” म्हणायचं. थोरलं घर म्हणजे बाबा. दोन घरं बोलत नसली तरी त्या दिवशी यावंच लागतं, कारण एका घराचा हात नसेल तर राखण पोचत नाही. त्या रविवारीही बाबा गेले ते दाव्यासाठी नाही, हातासाठी गेले.

पुढचं मी पाहिलेलं नाही. मी स्टुडिओत होते. ते मला आईच्या साक्षीतून, पंचनाम्यातून, निकालातून, म्हणजे वाचूनच माहीत आहे, आणि वाचलेलं मला पाहिलेल्यापेक्षा जास्त दिसतं. नारळ फुटला, कोंबडा कापला गेला. आई आणि रुक्मिणीकाकू, दशाकाकाची बायको, चुलीपाशी कांदा चिरत होत्या. दशाकाका कोयता धुवायला विहिरीकडे गेला. बाबा मागोमाग गेले. विहिरीच्या अलीकडे रात्रीतून विटांची एक रांग लागली होती. आईला बाबांचा आवाज ऐकू आला, “दशा, ह्या विटा कुणी लावल्या?” मग काही नाही. मग दशाकाका झाडांतून आला, हातात ओला कोयता, शर्टावर रक्त, आणि म्हणाला, “वयनी, दादा पडलो.”

पडलो. हा एक शब्द घेऊन तो पाच वर्षं कोर्टात बसला. विहिरीला जुनी लोखंडी कड होती. डोक्यामागची जखम धारदार हत्याराची आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि उलटतपासणीत, कडेवर जोरात पडल्यास अशी जखम अशक्य नाही, असंही सांगितलं. कोयता तो दर वर्षी धुवायचाच. शर्ट संध्याकाळपर्यंत रुक्मिणीकाकूने धुतला होता. रक्ताचा अंश सापडला, कुणाचं ते सांगता आलं नाही. कोंबड्याचं, तो म्हणाला. आणि इथे आमचीच चूक आली. आई शाळेत मुख्याध्यापिका होती. तिच्या माहेरी अंडंसुद्धा घरात येत नसे. पोलिसांनी विचारलं, कशासाठी जमला होता? तिने सांगितलं, पूजेला. नारळ दिला. बाबांचा देह अजून विहिरीपाशी होता आणि त्या क्षणीही, मला वाटतं, तिला पोलिसांसमोर कोंबडा म्हणण्याची लाज वाटली. सुतकाचं अन्न म्हणून काकूने चुलीवरचं सगळं नाल्यात ओतलं. पिसंही गेली. त्यामुळे सरकारच्या कथेत कोंबडा नव्हताच. साक्षीत दशाकाकाच्या वकिलाने विचारलं, “बाई, त्या दिवशी कोंबडा कापला होता, हे खरं ना?” आई शपथेवर म्हणाली, “आमच्याकडे असलं काही करत नाहीत.” तेव्हा त्यांनी एक फोटो पुढे केला. आदल्या वर्षीचा. बाबा कोंबडा पायांनी धरून उभे आहेत आणि तोंड भरून हसताहेत; शेजारी दशाकाका कोयता घेऊन. फोटो मीच काढला होता. घरच्या ग्रुपवर मीच टाकला होता, खाली लिहिलं होतं, दोन शत्रू.

आई त्यानंतर कोर्टात जे काही खरं बोलली ते कुणी धरलं नाही. घटनेचा उगम लपवणारी साक्षीदार, असं निकालात आहे. संशयाचा फायदा देऊन आरोपीची मुक्तता. मी तो निकाल कामाच्या सवयीने वाचला, जास्तीचा शब्द कुठे काढता येईल हे बघत. एकही सापडला नाही. न्यायाधीशांनी चांगलं लिहिलं होतं. त्यांच्या जागी मी असते तर कदाचित तेच लिहिलं असतं, आणि ही गोष्ट मी आईला सांगू शकत नव्हते, कुणालाच नाही. माझ्या आत दोन विहिरी होत्या. एकीच्या काठावर बाबा घसरत होते, दुसरीच्या काठावर दशाकाकाचा हात वर जात होता. सकाळी ट्रेनची वाट बघताना एक खरी वाटे, परत येताना दुसरी. जिने चढताना मी थांबायचे, कोणती घरी न्यायची हे ठरेपर्यंत. ज्या माणसाने लहानपणी मला फणसाचे गरे काढून दिले, हाताला तेल लावून, चीक लागू नये म्हणून, त्याचा मला धड द्वेषही करता येत नव्हता आणि त्याला माफ करणं म्हणजे बाबांना पाय घसरणारा म्हातारा करणं होतं.

सरकारने अपील केलं. महाराष्ट्र शासन विरुद्ध दशरथ पालव. त्या शीर्षकात बाबा, मधुकर पालव, कुठेच नाहीत. आत शिरल्यावर ते भेटतात, आणि तिथेही त्यांचं नाव मयत असतं. हायकोर्टातल्या सरकारी वकील, प्रांजल मॅडम, माझ्याहून लहान, डबा खाता खाता बोलणाऱ्या. त्यांनी मला फसवलं नाही. “हे बघा, तुम्ही काय समजून येता मला माहितीये. सगळे तसेच येतात. पण आता कोर्ट असं विचारत नाही की ह्याने केलं का. कोर्ट विचारतं, खालच्या जजने जे म्हटलं ते म्हणणं अगदीच अशक्य होतं का? दोन्ही बाजू शक्य असतील ना, तर सुटलेला सुटलेलाच राहतो.” मी विचारलं, मग ह्याने केलं का, हे आता कोण विचारतं? त्यांनी चपातीचा तुकडा हातात धरला आणि माझ्याकडे पाहिलं. “कोणीच नाही,” त्या म्हणाल्या. “तो प्रश्न खाली संपला.” युक्तिवाद झाले. मॅडम बऱ्या बोलल्या. दशाकाका मागच्या बाकावर हात जोडून बसला होता, जणू कीर्तनाला. निकाल यायचा होता. मी साक्षीदार नव्हते. एवढ्या वर्षांत कोर्टांच्या तीन इमारतींत किती मजल्यांवर मी बसले, आणि मला एकदाही कुणी उभं करून विचारलं नाही.

आणि मग मागच्या बुधवारी दारावरची बेल वाजली. मी पोळ्यांचं पीठ भिजवत होते, तशाच हातांनी दार उघडलं. दशाकाका. चपला बाहेर काढून उभा. केस पांढरे, मान थोडी पुढे आलेली, अगदी बाबांची यायची तशी, आणि त्या मानेमुळे एक क्षण मला आनंद झाला. देहाला आधी झाला, मला नंतर कळला. “पदू,” तो म्हणाला. “आत येत नाय. हयच बोलतंय.” मी पिठाचा हात दारावरून काढला. “यंदा राखण देवक व्हयी गो. किती वर्सां झाली, जाग्याक काय्येक नाय. विहीर आटली. नातू पायार उभो रवणा नाय, डॉक्टर म्हणतत काय्येक नाय. जागो तापलो हा.” माझ्या बोटांवरचं पीठ सुकत होतं. “मग द्या की तुम्ही,” मी म्हटलं. “थोरल्या घराचो हात नाय,” तो म्हणाला. “तू एकलीच उरलंस. नुसतो हात लाव. बोलूचा ता मी बोलतंय.” मग जिन्याकडे तोंड वळवून तो हळूच म्हणाला, “दादा असतो तर तुझ्या दारात इलो नसतंय.”

दार लावल्यावर आतून आईचा आवाज आला, “कोण होतं?” मी सांगितलं. साक्षीनंतर ती कमी बोलते. बोलण्याआधी प्रत्येक वाक्य एकदा स्वतःशी तपासते, हे तिच्या गळ्यावर दिसतं. मी प्रांजल मॅडमना फोन केला. “वेड लागलंय का तुम्हाला?” त्या म्हणाल्या. “निकाल यायचाय. आरोपीबरोबर पूजा? कोणी फोटो काढला तर? तुमच्याच घरचा फोटो एकदा नडलाय ना?” मी म्हटलं, युक्तिवाद संपलेत. “कोर्टातले संपलेत,” त्या म्हणाल्या, “लोकांचे नाही. उद्या सुप्रीम कोर्टात जायची वेळ आली तर समोरचा म्हणेल, मुलीने स्वतः हात लावला, तिलाच वाटत नाही ह्याने मारलं. जाऊ नका. ऐका माझं.” शनिवारी मी स्टेशनबाहेर गेले आणि नारळ कानाशी धरून हलवले. सगळ्यांत पाणी होतं. घरी आणला तेव्हा आईने तो माझ्या हातातून घेतला, आपल्या कानाशी नेला, डोळे मिटले. “हा नाही,” ती म्हणाली. “बदलून आण.” मग मी दाराशी पोचल्यावर तिने पुन्हा हाक मारली. “पद्मजा. कोंबडा असेल तर असू दे. कुणी विचारलं तर सांग, होता म्हणून.”

रविवारी गेले तेव्हा वाडी लहान झाली होती. तिन्ही बाजूंच्या इमारतींच्या सावल्या दुपारी बारा वाजताही फणसापर्यंत पोचल्या होत्या आणि कुठल्यातरी बाल्कनीतून कपडे धुण्याच्या मशीनचा घरघराट येत होता. मी विहिरीकडे बघणार नाही असं ठरवलं होतं, आणि सगळ्यात आधी तिकडेच बघितलं. कड काढून टाकली होती. विटांची रांग नव्हती. तिच्या जागी तुळशीच्या कुंड्या होत्या. रुक्मिणीकाकूने पाणी आणून दिलं. तांब्याला तिची बोटं लागलेली होती, मी तो दोन्ही हातांनी घेतला आणि प्यायले नाही. “बारीक झालंस गो,” ती म्हणाली आणि पदराने तोंड पुसायला लागली. “कोंबडा?” मी विचारलं. “यंदा नको,” दशाकाका म्हणाला. “नारळच बरो. माझो हात हालता.” त्याने हात पुढे करून दाखवला. खरंच हलत होता. म्हातारपणाने हलतो, प्रांजल मॅडम सांगतात त्या कोर्टासारखं मी मनातल्या मनात म्हटलं. किंवा दुसऱ्या कशाने. दोन्ही शक्य आहे.

त्याने नारळ धोंड्यासमोर धरला. मी माझा हात वर ठेवला. नारळाच्या शेंडीशी माझी करंगळी त्याच्या बोटाला लागली. हात गरम होता, घामेजलेला, ओळखीचा. तो घसा साफ करून म्हणाला, “बा देवा म्हाराजा...” “काका,” मी म्हटलं, “थोरल्या घराने बोलायचं.” तो थांबला. “तुका येता?” “ऐकलंय.” “बाईमाणसान घालूचा नसता गो गाऱ्हाणा.” “हात बाईमाणसाचा चालतो ना?” रुक्मिणीकाकू मागून म्हणाली, “बोलू दे तिका.” इतक्या वर्षांत नवऱ्याच्या विरुद्ध तिला बोलताना मी ऐकलं नव्हतं. त्याने मान हलवली, आणि मला पहिल्यांदा जाणवलं की हा माणूस माझा हात मागायला आला होता तेव्हा त्याला माझ्या तोंडाची भीती होती.

मी सुरू केलं. बाबांची चाल मला पाठ होती, मला माहीत नसताना पाठ झाली होती. बा देवा म्हाराजा, आज तुझ्या जाग्यार तुझी लेकरां जमली हत. “व्हय म्हाराजा,” दशाकाका म्हणाला, काकू म्हणाली. वाडवडलांनी जशी राखण दिली तशी दितत, ती मान्य करून घे. “व्हय म्हाराजा.” आवाज खोल आणि तयार, आयुष्यभर हाच माणूस हे उत्तर देत आला होता, त्याच्या बापाने त्याला पोर असताना शिकवलं असेल. चुकला माकला असात ता पदरात घे. “व्हय म्हाराजा.” इडापीडा ह्या जाग्याच्या भायर घाल. “व्हय म्हाराजा.” बाबांच्या गाऱ्हाण्यात यानंतर एक ओळ असायची. कुणाच्याही गाऱ्हाण्यात असते, त्यात विशेष काही नाही, लोक ती भरभर म्हणतात, कारण तोवर भूक लागलेली असते. मी ती भरभर म्हटली नाही. मी त्याच्या ओठांकडे बघत म्हटली. ह्या जाग्यार जेणा कोणी वाईट केल्यान असात, तेका तू बघून घे.

“व्हय म्हाराजा,” रुक्मिणीकाकू म्हणाली. एकटी.

माझं कामच ते आहे. माणूस बोलणार असेल तर ओठ हलण्याआधी गालाखाली काहीतरी उचललं जातं, आणि ती ओळ पडद्यावर कधी आणायची हे मला त्यावरून कळतं. त्याच्या गालाखाली ते उचललं गेलं, आणि खाली बसलं. पुन्हा उचललं गेलं. तोंड उघडलं, जीभ दिसली, आणि काही आलं नाही. कोर्टात तो प्रत्येक प्रश्नाला नाही म्हणाला होता, आरोपी म्हणून शपथेशिवाय, आणि न अडखळता. इथे त्याला फक्त हो म्हणायचं होतं. वर मशीन घरघरत होतं. सत्र न्यायाधीश म्हणाले असते, खोकला आला असेल. वय झालंय. त्या जागेवर भाऊ गेला, गळा भरून आला असेल, दोन्ही बाजू शक्य आहेत. मी त्यांचं सगळं ऐकून घेतलं. मग नारळाखालचा तो हात थरथरायचा थांबला, एकदम, आणि हळूहळू सुटू लागला, आणि मी माझा दुसरा हात खालून घालून तो नारळावर दाबून धरला. काकू नवऱ्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. माझ्या आतल्या दोन विहिरींपैकी एक बुजली. आवाज न करता बुजली.

गाऱ्हाण्यात पुढचं काही नसतं. त्यासाठी बाबांनी मला शब्द दिले नव्हते, आणि मालवणीत ते मला येतही नव्हते. म्हणून मी आमच्या घरातल्या, आईच्या भाषेत म्हटलं. मोठ्याने म्हटलं, वरच्या बाल्कनीतल्या बाईने खाली वाकून बघावं एवढ्याने.

“माझे बाबा इथे पडले नाहीत, म्हाराजा. त्यांना मारलं. ज्याने मारलं त्याचा हात आत्ता माझ्या हाताखाली आहे.”

आणि धाकट्या घराने उत्तर द्यायचं असतं, तिथे मी थांबले.